किऑस्क संगणकाच्या मेनूत नवी ॲप्स घालणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या अभ्यासिका, सार्वजनिक वाचनालयं आणि सोसायट्यांच्या हॉलमधले संगणक सांभाळणारी मंडळी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक ठिकाणी जुन्या संगणकांवर डेबियन किंवा लिनक्स मिंट या लिनक्स कार्यप्रणाली आणि त्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप (मेनू, पॅनल आणि खिडक्या दाखवणारा भाग) आहे, म्हणून उत्तरं त्याला धरून दिली आहेत. ग्नोम, केडीई (हे एक्सएफसीईसारखेच दुसरे डेस्कटॉप) आणि विंडोजसाठी प्रश्न १६ आणि १७ पाहा. फाइली, फोल्डर आणि आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

१. किऑस्क डेस्कटॉप म्हणजे काय? बिनपासवर्डचं साधं खातं ठेवलं तर चालणार नाही का?

किऑस्क म्हणजे असा संगणक, ज्यावर कोणीही येऊन बसतं, ठरलेली कामं करतं आणि उठून जातं. मेनूत मोजकी ॲप्स असतात, सेटिंग बदलता येत नाहीत, आणि एक जण उठला की त्याच्या कामाचा मागमूस उरत नाही.

साध्या खात्यात नेमकी ही शेवटची गोष्ट होत नाही. लालबागच्या चाळीत एका खोलीत पाच जणांबरोबर राहणारा विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला अभ्यासिकेत येतो. आधार कार्ड, गुणपत्रिका, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला असं सगळं डाउनलोड करतो, अर्ज भरतो आणि निघून जातो. ती कागदपत्रं डाउनलोड्सच्या फोल्डरात तशीच राहतात आणि पुढे बसणाऱ्याला दिसतात. संगणकाला कुलूप लावायचं आमच्या मते हे पहिलं कारण आहे. कोणी वॉलपेपर बदलला, पॅनल हलवलं, या तक्रारी त्यानंतरच्या.

२. मेनूतलं ॲप तिथे येतं तरी कुठून?

प्रत्येक ॲपची एक छोटी मजकूर-फाइल असते, जिच्या नावाच्या शेवटी .डेस्कटॉप असतं. तिच्यात ॲपचं नाव, चालवायची आज्ञा, चिन्ह आणि वर्ग लिहिलेले असतात. मेनू अशा फाइली तीन ठिकाणी शोधतो: पॅकेजांबरोबर (कार्यप्रणालीकडून मिळणाऱ्या ॲपच्या तयार गठ्ठ्यांबरोबर) येणाऱ्या /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये, ॲडमिनने स्वतः घातलेल्या /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये, आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या होम फोल्डरातल्या .लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये. एकाच नावाची फाइल दोन ठिकाणी असली तर होममधली सर्वांवर मात करते आणि /यूएसआर/लोकलमधली पॅकेजच्या फाइलीवर (पुढे नुसतं 'लोकल' म्हटलं की हीच जागा). हा क्रम लक्षात ठेवा, पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत.

३. मला एक नवं ॲप मेनूत घालायचं आहे. पहिल्यापासून सांगा.

आधी ॲडमिनच्या खात्यातून ॲप इन्स्टॉल करा. ते पॅकेज म्हणून आलं असेल तर .डेस्कटॉप फाइल त्याच्यासोबतच येते. ती थेट दुरुस्त करू नका. /यूएसआर/लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये त्याच नावाने तिची प्रत करा आणि हवे ते बदल त्या प्रतीत करा.

फाइल मुळापासून लिहायची असेल तर पहिली ओळ चौकटी कंसात डेस्कटॉप एन्ट्री. खाली टाइप (किंमत ॲप्लिकेशन), नेम, एक्झेक, आयकॉन आणि कॅटेगरीज. टर्मिनल ही चावी (म्हणजे ओळीतलं बरोबरच्या चिन्हाआधीचं नाव) फॉल्स ठेवा. कॅटेगरीजमध्ये ठरलेल्या यादीतलेच शब्द चालतात, जसे ऑफिस, एज्युकेशन, नेटवर्क, ग्राफिक्स. प्रत्येकानंतर अर्धविराम हवा. स्वतःचा शब्द घातलात तर ॲप बहुधा 'इतर' या वर्गात जाऊन पडतं.

लोक सर्वांत जास्त अडकतात ते एक्झेकच्या ओळीत. ही ओळ शेलमधून (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालत नाही. त्यामुळे होम फोल्डरसाठी वापरायचं लाटेचं चिन्ह, डॉलर-होम, दोन आज्ञा जोडणारी उभी रेघ, यांतलं काहीही तिथे चालत नाही. मार्ग पूर्ण लिहा. मार्गात मोकळी जागा असेल तर तो दुहेरी अवतरणात घाला. शेलशिवाय भागणारच नसेल तर एक छोटी स्क्रिप्ट लिहून /यूएसआर/लोकल/बिनमध्ये ठेवा आणि एक्झेकमध्ये तिचं नाव द्या. एक्झेकमध्येच एसएच-सी लिहून अवतरणात अवतरण गुंफण्यापेक्षा हे कितीतरी बरं; सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला ती फाइल वाचावी लागली तर त्यालाही कळेल.

शेवटी डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट ही आज्ञा फाइलीवर चालवा. चूक असली तर ती दाखवते. मग किऑस्कच्या खात्यातून लॉगआउट करून परत लॉगइन करा आणि ॲप खरोखर उघडून पाहा. ॲडमिनच्या खात्यात उघडलं म्हणून किऑस्कच्या खात्यात उघडेलच असं नाही.

४. सगळं बरोबर केलं, तरी ॲप मेनूत दिसत नाही. का?

कारणं बरीच असतात. आम्ही तपासतो त्याच क्रमाने देतो.

फाइल वाचण्याची परवानगी पाहा. रूट (सर्व अधिकार असलेलं खातं) म्हणून प्रत केली आणि परवानगी फक्त रूटला राहिली, हे कारण सर्वांत जास्त वेळा निघतं. फाइल सर्वांना वाचता यायला हवी.

ट्रायएक्झेक ही चावी आहे का, ते पाहा. तिथे लिहिलेला प्रोग्रॅम सापडला नाही किंवा किऑस्कच्या खात्याला तो चालवायची परवानगी नसली, तर मेनू काही न बोलता ती नोंद गाळतो. प्रश्न ९ मधली परवानगीची युक्ती केली असेल तर असं मुद्दामच होतं.

ओन्लीशोइन किंवा नॉटशोइन तपासा. ग्नोमसाठी बनवलेली बरीच साधनं ओन्लीशोइनमध्ये फक्त ग्नोमचं नाव लिहून येतात, मग ती एक्सएफसीईत दिसत नाहीत. तुमच्या प्रतीतून ती ओळ काढा.

नोडिस्प्ले किंवा हिडन ट्रू आहे का, पाहा (प्रश्न ६). शिवाय होम फोल्डरात त्याच नावाची जुनी फाइल पडली असेल तर ती जिंकते.

एवढ्याने भागलं नाही, तर तुमच्या आधी ज्याने हा किऑस्क बसवला त्याने मेनूची फाइलच बदलली असण्याची शक्यता आहे. मग पुढचं उत्तर वाचा.

५. दीडशे ॲप्स लपवत बसायचं का? मला मेनूत फक्त सात-आठच हवी आहेत.

नाही, एकेक लपवू नका. आज दीडशे लपवाल, उद्या नवं पॅकेज आलं की एकशे एकावन्नावं दिसेल. यादी उलटी करा: जे तुम्ही ठेवाल तेवढंच दिसेल.

एक्सएफसीईचा मेनू /ईटीसी/एक्सडीजी/मेनूज या फोल्डरातल्या एक्सएफसीई-ॲप्लिकेशन्स.मेनू या फाइलीतून बनतो. तिच्यात डिफॉल्टॲपडर्स नावाचा टॅग असतो. प्रश्न २ मधल्या नेहमीच्या जागा धुंडाळ, असा त्याचा अर्थ. तो काढा आणि त्याच्या जागी ॲपडर हा टॅग घालून त्यात स्वतःच्या फोल्डराचा मार्ग द्या, उदाहरणार्थ /ऑप्ट/किऑस्क/ॲप्लिकेशन्स. मग हवी ती सात-आठ फाइली त्या फोल्डरात ठेवा. मेनूत तेवढीच दिसतील. नवं ॲप घालायचं म्हणजे त्या फोल्डरात एक फाइल टाकायची. काढायचं म्हणजे उचलायची. रजेवर जाताना सहकाऱ्याला एवढं सांगितलं तरी त्याचं काम भागतं.

ही फाइल बदलण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. एखादा टॅग बंद करायचा राहिला तर मेनू रिकामा येतो.

काही जण हेच काम एक्सडीजी-डेटा-डर्स हा पर्यावरण-चल बदलून करतात. ते करू नका. चिन्हं, थीम आणि फाइलप्रकारांची माहितीसुद्धा त्याच चलातून शोधली जाते. मेनू आटोपशीर होतो खरा, पण निम्मी चिन्हं गायब होतात आणि पीडीएफवर दोनदा क्लिक केलं तरी काही उघडत नाही.

या पद्धतीची एक मर्यादा प्रश्न १२ मध्ये दिली आहे.

६. नोडिस्प्ले आणि हिडन यांत फरक काय?

नोडिस्प्ले ट्रू केलं तर ॲप मेनूत दिसत नाही, पण व्यवस्थेला ते माहीत असतं. फाइलवर क्लिक केल्यावर ते उघडू शकतं. हिडन ट्रू म्हणजे ती नोंद पुसली गेली असं समजायचं. पीडीएफ दाखवणारं ॲप मेनूत नको पण डाउनलोड केलेलं हॉल तिकीट उघडायला हवं, तर नोडिस्प्ले.

७. अपडेट झालं आणि लपवलेली सगळी ॲप्स परत मेनूत आली!

तुम्ही /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्समधल्या मूळ फाइली बदलल्या होत्या. पॅकेज नवं आलं की त्या फाइली पुन्हा लिहिल्या जातात. बदल नेहमी लोकलमधल्या प्रतीत करा (प्रश्न ३) किंवा वेगळा फोल्डरच ठेवा (प्रश्न ५).

८. मेनूतली नावं मराठीत करता येतात का? आमच्याकडे ज्येष्ठ नागरिक येतात.

येतात, आणि जरूर करा. .डेस्कटॉप फाइलीत नेम या चावीपुढे चौकटी कंसात मराठीची खूण, म्हणजे एमआर ही दोन अक्षरं, लिहून मराठी नाव देता येतं. खात्याची भाषा मराठी-भारत अशी निवडलेली असली तरच ते दिसतं. भाषा इंग्रजीच ठेवायची असेल तर तुमच्या प्रतीत नेमसमोर सरळ मराठी नाव लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा म्हणजे झालं.

नाव देताना ॲपचं नव्हे, कामाचं द्या. 'लिब्रेऑफिस रायटर' यापेक्षा 'अर्ज किंवा पत्र लिहा', 'डॉक्युमेंट स्कॅनर' यापेक्षा 'कागद स्कॅन करा'. माहीममधल्या निवृत्त शिक्षकांना रायटर हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही; पत्र लिहायचं आहे हे त्यांना ठाऊक असतं. उलट, कॉलेजातली मुलं शोधपेटीत इंग्रजी नावच टाइप करतात. त्यांच्यासाठी कीवर्ड्स या चावीत मूळ नाव ठेवा. मग दोघांनाही सापडतं.

जोडाक्षरं तुटकी दिसत असतील तर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित हा फॉन्ट बसवा. मराठी टाइप करायला आयबस आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज लागतं. त्यात इनस्क्रिप्टही मिळतो आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायची सोयही. कळफलक बदलण्याचं चिन्ह पॅनलवर डोळ्यांसमोर ठेवा. ते मेनूच्या आत दडवलं तर लोक मराठीत लिहिणं सोडून देतात.

९. मेनूतून काढलं म्हणजे ते ॲप बंद झालं ना?

नाही. हा गैरसमज इतका खोलवर आहे की यावर सविस्तर लिहायलाच हवं. मेनू ही पाटी आहे. पाटी उतरवली म्हणून दुकान बंद होत नाही. ॲप डिस्कवर असतं, चालतं, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायच्या वाटा बऱ्याच असतात.

पहिली वाट म्हणजे ऑल्ट-एफ२. एक्सएफसीईत त्याने ॲप शोधायची खिडकी उघडते आणि तिथे कुठलीही आज्ञा लिहिता येते. कळफलकाच्या शॉर्टकटांतून ती काढा आणि शॉर्टकटांची सेटिंग बदलता येणार नाहीत अशी करा. एक्सएफसीईत यासाठी /ईटीसी/एक्सडीजी/एक्सएफसीई४ खालच्या एक्सएफकॉन्फच्या (एक्सएफसीईची सेटिंग साठवणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलीत त्या चॅनेलला (सेटिंगच्या गटाला) लॉक्ड हा गुणधर्म देतात. पॅनलसाठीही हेच करा.

दुसरी वाट फाइल मॅनेजरची. थुनारमध्ये उजवं क्लिक केलं की 'इथे टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा' असा पर्याय असतो.

तिसरी कंट्रोल-ऑल्ट आणि एफ३. यातून डेस्कटॉपच्या बाहेर थेट लॉगइनचा काळा पडदा येतो. एक्स सर्व्हरच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये डोन्टव्हीटीस्विच चालू केलं की हे बंद होतं.

चौथ्या वाटेकडे फार थोड्यांचं लक्ष जातं: ॲपमधून ॲप उघडणं. तुम्ही मेनूत जे ॲप घालाल ते आपल्यासोबत स्वतःची दारं घेऊन येतं. 'फाइल उघडा' या खिडकीतून सगळी डिस्क न्याहाळता येते. मदतीच्या मेनूतून ब्राउझर उघडतो. दस्तऐवजातल्या दुव्यावर क्लिक केलं की दुसरंच ॲप उघडतं. म्हणून नवं ॲप घालण्याआधी आम्ही त्याचा प्रत्येक मेनू उघडून पाहतो आणि विचारतो: इथून कुठे कुठे जाता येतं? हा अर्धा तास वाचवू नका.

जे खरोखर बंद हवं, ते परवानगीने बंद करा. डेबियन आणि मिंटवर डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड नावाची आज्ञा आहे. तिने टर्मिनलच्या प्रोग्रॅमचा गट ॲडमिनचा करून परवानगी ०७५० (मालक आणि गट सोडून इतरांना काहीच नाही) ठेवली की किऑस्कच्या खात्याला तो चालवताच येत नाही, आणि अपडेटनंतरही ही परवानगी टिकते. फक्त एक टर्मिनल बंद करून थांबू नका. बऱ्याच संगणकांवर एक्सटर्म हा दुसरा टर्मिनल शांतपणे बसलेला असतो.

होम फोल्डर नोएक्झेक या पर्यायाने माउंट केला तर तिथे टाकलेला प्रोग्रॅम सरळ चालत नाही. पायथनला हाक मारून चालवलेली स्क्रिप्ट मात्र तरीही चालते. नोएक्झेक जरूर लावा, पण त्याच एकावर विसंबू नका.

१०. मेनूच्या शोधपेटीत एका मुलाने उद्गारचिन्ह टाइप केलं आणि टर्मिनल उघडला. हे कसं?

तुमच्याकडे व्हिस्कर मेनू (एक्सएफसीईचा शोधपेटी असलेला मेनू) आहे. त्यात 'सर्च ॲक्शन्स' असतात: उद्गारचिन्हापुढे आज्ञा लिहिली की ती टर्मिनलमध्ये चालते, प्रश्नचिन्हापुढे लिहिलेलं वेबवर शोधलं जातं. व्हिस्करच्या सेटिंगमध्ये जाऊन या सगळ्या नोंदी काढून टाका, मग ती सेटिंग नमुन्याच्या होम फोल्डरात जतन करा (प्रश्न १४). साधा ॲप्लिकेशन्स मेनू वापरला तर हा प्रश्नच येत नाही. सात-आठ ॲप्ससाठी शोधपेटी लागते का, याचाही विचार करा. आम्हाला तरी ती लागत नाही असं वाटतं.

११. आपले सरकार, महाडीबीटी, डिजिलॉकर अशा साइट मेनूत वेगवेगळ्या ॲपसारख्या ठेवायच्या आहेत.

चांगली कल्पना. प्रत्येकीची एक .डेस्कटॉप फाइल करा. एक्झेकमध्ये क्रोमियम, त्यापुढे ॲप हा पर्याय आणि पत्ता. मग पत्त्याची पट्टी नसलेली खिडकी उघडते आणि लोक गोंधळत नाहीत.

इथे एक खोच आहे. पत्त्यात % असेल तर एक्झेकमध्ये ते %% असं दोनदा लिहावं लागतं, कारण एका % ला तिथे वेगळा अर्थ असतो. लांबलचक पत्ता कॉपी करून चिकटवला की हमखास हेच होतं: ब्राउझरमध्ये चालतो, मेनूतून चालत नाही.

खिडकीला पत्त्याची पट्टी नाही म्हणजे बाकीच्या साइट बंद झाल्या असंही नाही. त्यासाठी क्रोमियमच्या व्यवस्थापित धोरणांत, म्हणजे /ईटीसी/क्रोमियम/पॉलिसीज/मॅनेज्ड या फोल्डरात, यूआरएल ब्लॉकलिस्ट आणि अलाउलिस्ट द्याव्या लागतात. ब्लॉकलिस्टमध्ये 'फाइल' या प्रकारचे पत्ते घालायला विसरू नका, नाहीतर ब्राउझरातून संगणकाची डिस्क वाचता येते.

पण फार आवळूही नका. सरकारी पोर्टलवरून लॉगइनसाठी किंवा पैसे भरायला माणूस दुसऱ्याच डोमेनवर जातो, परत येतो. ते डोमेन यादीत नसलं तर फी भरण्याच्या पायरीवर अर्ज अडकतो, आणि ती शेवटची तारीख असली तर त्या मुलाचं वर्ष जाऊ शकतं. यादी लावल्यावर एक अर्ज शेवटच्या पायरीपर्यंत स्वतः नेऊन पाहा. फाइल निवडण्याची खिडकी बंद करणारंही एक धोरण आहे. ते लावलं तर फोटो आणि सही अपलोडच करता येत नाही, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका.

१२. पीडीएफवर क्लिक केलं की भलतंच ॲप उघडतं.

फाइलप्रकार कोणत्या ॲपला जोडायचा हे /ईटीसी/एक्सडीजी/माइमॲप्स.लिस्ट या फाइलीत ठरवता येतं. तिथे डिफॉल्ट ॲप्लिकेशन्स या शीर्षकाखाली पीडीएफच्या प्रकारासमोर तुमच्या पीडीएफ-वाचकाच्या .डेस्कटॉप फाइलीचं नाव लिहा.

प्रश्न ५ ची पद्धत वापरत असाल तर लक्षात घ्या: /ऑप्ट/किऑस्कमधला फोल्डर फक्त मेनूला दिसतो, फाइलप्रकार जोडणाऱ्या यंत्रणेला दिसत नाही. ती अजूनही नेहमीच्या जागाच पाहते. त्यामुळे फक्त त्या फोल्डरात असलेली फाइल माइमॲप्समध्ये लिहून काही होणार नाही. तिची नोडिस्प्ले असलेली प्रत लोकलमध्येही ठेवा. याच कारणाने मेनूत नसलेली ॲप्स 'यासह उघडा' या यादीत दिसत राहतात. ती नको असतील तर लोकलमध्ये त्यांच्या नावाची फाइल करून हिडन ट्रू करा.

१३. होममधला ॲप्लिकेशन्स फोल्डर रूटच्या मालकीचा केला, तरी मुलं स्वतःची ॲप्स मेनूत घालतात. कसं काय?

फोल्डर रूटचा असला तरी तो ज्या फोल्डरात आहे तो किऑस्कच्या खात्याचा आहे. वरच्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी असली की आतल्या फोल्डराचं नाव बदलता येतं. मुलं त्याचं नाव बदलतात, त्याच नावाचा नवा फोल्डर करतात आणि त्यात हवं ते टाकतात. होमच्या आत कुलपं लावत बसण्यापेक्षा होमच दर वेळी नव्याने भरणं हा भरवशाचा मार्ग.

१४. होम फोल्डर दर वेळी कोरा कसा करायचा? आणि वीज गेली तर?

एक नमुन्याचं होम बनवून रूटच्या ताब्यात ठेवा: त्यात पॅनल, वॉलपेपर, कळफलक, सगळं हवं तसं लावलेलं असू द्या. प्रत्येक सेशनच्या (लॉगइनपासून लॉगआउटपर्यंतच्या बैठकीच्या) वेळी आरसिंक ही फोल्डर जुळवणारी आज्ञा डिलीट या पर्यायासह चालवून किऑस्कचं होम त्या नमुन्यासारखं करा. मालकी किऑस्कच्या खात्याला परत द्यायला विसरू नका. /ईटीसी/स्केलमध्ये बदल करून हे साधत नाही. ते खातं नव्याने तयार होताना एकदाच वापरलं जातं.

लाइटडीएममध्ये (लॉगइनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) यासाठी दोन जागा आहेत: सेशन संपल्यावर चालणारी क्लीनअप स्क्रिप्ट आणि सेशन सुरू होताना चालणारी सेटअप स्क्रिप्ट. दोन्ही रूट म्हणून चालतात. बहुतेक जण फक्त पहिली लावतात. पण वीज अचानक गेली तर सेशन रीतसर संपतच नाही, क्लीनअप चालत नाही, आणि वीज आल्यावर आधीच्या माणसाची कागदपत्रं पडद्यावर तशीच हजर. पावसाळ्यात हे कधीही होऊ शकतं. म्हणून सेटअप स्क्रिप्ट लावाच.

याची दुसरी बाजू लोकांना आधीच सांगायला हवी. लिब्रेऑफिस वीज गेल्यावर जी फाइल परत मिळवून देतं, तिची माहिती होम फोल्डरातच असते. होम पुसलं की तीही गेली. तेव्हा संगणकाशेजारी ठळक मराठीत लिहून लावा की काम पेनड्राइव्हवर जतन करत राहावं. शक्य असेल तर एक लहान यूपीएस घ्या.

१५. फ्लॅटपॅकने घातलेली ॲप्स मेनूत येत नाहीत.

फ्लॅटपॅक ही ॲप बसवायची पॅकेजांहून वेगळी पद्धत आहे. अशा ॲप्सच्या .डेस्कटॉप फाइली /व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्सपोर्ट्स/शेअर/ॲप्लिकेशन्समध्ये असतात. पहिलं फ्लॅटपॅक घातल्यानंतर एकदा लॉगआउट करावं लागतं, त्याशिवाय ही जागा मेनूला कळत नाही. प्रश्न ५ ची पद्धत वापरत असाल तर तिथल्या फाइलीची प्रत तुमच्या फोल्डरात करा. ॲप पूर्ण व्यवस्थेसाठी बसवा. यूझर या पर्यायाने बसवलं तर ते होममध्ये जातं आणि पुढच्या सेशनला पुसलं जातं.

त्याच यूझर पर्यायामुळे किऑस्कच्या खात्यातूनही पासवर्डशिवाय फ्लॅटपॅक बसवता येतं. ते बंद करायचं तर फ्लॅटपॅकच्या आज्ञेवरही प्रश्न ९ मधली परवानगी लावता येते, पण मग मेनूतली फ्लॅटपॅक ॲप्सही त्याच आज्ञेवर चालत असल्याने तीसुद्धा बंद पडतात. या कारणासाठी किऑस्कवर आम्ही साध्या पॅकेजांनाच पसंती देतो.

१६. आमच्याकडे ग्नोम किंवा केडीई आहे.

ग्नोममध्ये प्रश्न ५ ची मेनू-फाइल चालत नाही. त्याची ॲपची जाळी थेट .डेस्कटॉप फाइलींवरून बनते. तिथे नोडिस्प्लेच वापरा. बाकीची कुलपं डीकॉन्फमधून (ग्नोमच्या सेटिंगच्या साठ्यातून) लागतात: लॉकडाउन या गटात आज्ञा-ओळ बंद करणं, वापरकर्ता बदलणं बंद करणं अशा चाव्या आहेत. किंमत लिहून थांबू नका. लॉक्स या फोल्डरात तिचं नाव लिहा आणि मग डीकॉन्फ अपडेट चालवा, नाहीतर वापरकर्ता ती परत बदलू शकतो. डॅशवर (आवडत्या ॲप्सच्या पट्टीवर) दिसणारी ॲप्स फेव्हरिट-ॲप्स या चावीत असतात.

केडीईत किऑस्कसाठी स्वतंत्र चौकटच आहे. /ईटीसी/एक्सडीजीमधल्या केडीईग्लोबल्स फाइलीत केडीई ॲक्शन रिस्ट्रिक्शन्स या गटाखाली शेल_ॲक्सेस आणि रन_कमांड फॉल्स करा, आणि गटाच्या नावापुढे चौकटी कंसात डॉलर-आय लिहा. त्याने तो गट बदलता न येणारा होतो. मेनूत नवी फाइल दिसली नाही तर केबिल्डसायकोका चालवून साठा नव्याने बांधा.

१७. विंडोजवर हे कसं करायचं?

विंडोजमध्ये याला असाइन्ड ॲक्सेस म्हणतात. एकापेक्षा जास्त ॲप्सचा किऑस्क विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून करता येतो. होम आवृत्तीत ही सोय नाही. प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइझ लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा नवी मांडणी त्यावर करू नका.

एका एक्सएमएल फाइलीत दोन याद्या असतात: कोणती ॲप्स चालू द्यायची आणि स्टार्टवर कोणती दाखवायची. नवं ॲप दोन्हीकडे घालावं लागतं. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोग्रॅमचा शॉर्टकट सर्व वापरकर्त्यांच्या स्टार्ट मेनूत असला पाहिजे. ॲप आतून दुसरा प्रोग्रॅम चालवत असेल तर त्यालाही परवानगीच्या यादीत घ्या, नाहीतर ॲप उघडतं आणि मध्येच अडतं.

१८. दृष्टिहीन वाचकांसाठी स्क्रीन रीडर मेनूत घातला, पण त्यांना मेनूच दिसत नाही. मग काय उपयोग?

अगदी बरोबर. स्क्रीन रीडर मेनूत ठेवून भागत नाही. ओर्का (पडद्यावरचं वाचून दाखवणारा लिनक्सचा स्क्रीन रीडर) आधीपासून चालू असलेलं एक वेगळं खातं करा, किंवा ओर्का सुरू करणारा एक कळफलक-शॉर्टकट द्या. प्रश्न ९ वाचून सगळे शॉर्टकट काढले असतील तर हा एक मुद्दाम परत घाला. कुलूप लावण्याच्या नादात ही वाट बंद करू नका. वेगळं खातं केलंत तर ओर्काची .डेस्कटॉप फाइल त्या खात्याच्या नमुन्याच्या होममध्ये .कॉन्फिग/ऑटोस्टार्टमध्ये ठेवा. ई-स्पीक एनजी या आवाजात मराठी आहे. उच्चार यांत्रिक वाटतो, पण अर्ज वाचून घ्यायला पुरतो.

ज्यांना अक्षरं मोठी हवीत त्यांच्यासाठी वेगळं ॲप लागत नाही. एक्सएफसीईत कंपोझिटिंग (खिडक्यांचे दृश्य परिणाम देणारी सेटिंग) चालू असेल तर ऑल्ट दाबून माउसचं चाक फिरवलं की पडदा मोठा होतो. हेडफोन मात्र संगणकापाशीच ठेवा, कपाटात नको. आधार क्रमांक मोठ्याने वाचला जाणं कोणालाच आवडणार नाही.